मोतीबिंदू पिकायची वाट पाहताना

आमच्या वाळूजकडे साठी उलटलेल्या माणसाला कमी दिसू लागलं की घरोघरी निदान ठरलेलं: मोतीबिंदू. उपायही ठरलेला, पिकू द्या, दिवाळीनंतर थंडीत काढू. माझंही तसंच ठरलं होतं.

एमआयडीसीत माझी सगळी नोकरी क्वालिटी विभागात झाली, व्हर्नियर आणि मायक्रोमीटर हाताळण्यात. निवृत्तीनंतर दाराची चौकट मधोमध फुगल्यासारखी दिसू लागली. पेपर वाचताना शब्दाचं मधलंच अक्षर गळायचं. चष्म्याच्या दुकानात नंबर वाढवून मिळाला. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा दुसऱ्याचं काम निमूट उरकतो, म्हणून बिघाड जाणवत नाही. उजव्यात कचरा गेला तेव्हा डाव्याची खरी अवस्था कळली. समोर नातू उभा. त्याचे केस, कान, शर्ट दिसतोय आणि चेहऱ्याच्या जागी करडा डाग.

हा मोतीबिंदू नव्हे, डोळ्याच्या पडद्याचा आजार. पडद्याच्या मध्यभागाला डॉक्टर मॅक्युला म्हणतात. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणूस ओळखणं सगळं त्याच्यावर. वयानुसार तो झिजतो. बहुतेकांची झीज कोरडी असते, वर्षानुवर्षं सावकाश चालते. काहींच्या पडद्याखाली मात्र नव्या, कच्च्या रक्तवाहिन्या फुटतात आणि पाझरतात. ही ओली झीज. तिच्यात काही आठवड्यांत, महिन्यांत मधली नजर जाते आणि डोळ्यात इंजेक्शनचा उपचार न झाल्यास तिथे व्रण धरतो. त्या व्रणावर मग इंजेक्शनचाही उपयोग होत नाही. मोतीबिंदूसाठी बहुधा थांबता येतं, लेन्स बसवली की दिसतं. ओल्या झिजेसाठी थांबता येत नाही.

माझ्या डाव्यात व्रण झाला, उजव्यात ओली झीज वेळीच सापडली. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर पोटात गोळा येतोच, पण आधी थेंबांनी डोळा बधिर करतात. सुरुवातीला महिन्याला एक अशी तीन, पुढची पडद्याचं ओसीटी स्कॅन बघून. जरा बरं दिसू लागलं की लोक मध्येच सोडतात. तो शुद्ध वेडेपणा.

या आजारात कडेची नजर शाबूत राहते. माणूस न ठेचकाळता चालतो, पण भेटणाऱ्याला ओळखत नाही, म्हणून घरच्यांना नाटक वाटतं. कुणाला समोर नसलेली माणसं, नक्षी दिसते. नजरेतली रिकामी जागा मेंदू आपल्या मनाने भरतो, बाकी काही नाही. अशाला भगताकडे नेऊ नका, डॉक्टरांना सांगा.

बिडी-सिगारेट सोडा, तिने धोका वाढतो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या काहींची झीज मंदावतात, गेलेली नजर आणत नाहीत. त्या विचारूनच घ्या. आणि आठवड्यातून एकदा वाचायचा चष्मा लावून, एकेक डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघा. रेघ वाकडी दिसली, चौकट पुसली गेली, तर नेत्रशिबिराची वाट न पाहता त्याच आठवड्यात घाटी रुग्णालयाचा नेत्रविभाग किंवा रेटिनाचा डॉक्टर गाठा.