हृदयासाठी बिया: नाशकात महिन्याचा खर्च किती?

कोलेस्टेरॉल वाढल्याचा रिपोर्ट हातात आला की पहिली धाव चियाच्या पाकिटाकडे जाते. तुम्ही आधी जवस घ्या. १०० ग्रॅम जवसात वनस्पतिजन्य ओमेगा-३ सुमारे २२ ग्रॅम, चियात १७-१८. भोपळ्याच्या आणि सूर्यफुलाच्या बियांत ते नावालाच. त्या खाव्यात, पण जवसाच्या जागी नव्हे.

आता हिशेब. भाव वरखाली होतात, तरी सुटे जवस साधारण दीडशे ते अडीचशे रुपये किलो धरा. रोज एक मोठा चमचा म्हणजे दहा ग्रॅम, महिन्याला ३०० ग्रॅम, म्हणजे ४५ ते ७५ रुपये. तेवढाच चिया साधारण ९० ते १८०, भोपळ्याच्या बिया १८० ते ३००. मात्र ज्या अभ्यासांत वाईट कोलेस्टेरॉल उतरलेलं दिसलं, त्यांत बहुधा रोज ३० ग्रॅम दळलेले जवस होते. एका चमच्याने सुरुवात करा, पोटाला सोसलं तर वाढवा. ३० ग्रॅममध्ये दीडशेहून जास्त कॅलरी असतात, त्यामुळे भाजीतलं तेल तेवढं कमी करा.

कुठे घ्यायचं? रविवार कारंजा, मेन रोड, भद्रकाली इथल्या किराणा-भुसार दुकानांत सुटे मिळतात. बुधवारी गोदाघाटावरचा बाजारही बघा. सुरगाणा-पेठकडची खुरसणी, म्हणजे कारळे, दिसली तर चटणीसाठी जरूर घ्या, पण तिच्यात ओमेगा-३ जवळपास नसतं. घेण्याआधी चार दाणे चावून बघा. ऑइलपेंटसारखा वास आला तर माल जुना आहे, परत ठेवा. वजन करताना डबा वा पिशवी हिशेबात धरू देऊ नका.

पाकिटाचा दर कसा फुगतो, ते पाहा. २०० ग्रॅमचं पाकीट स्वस्त वाटतं, म्हणून छापील किमतीशेजारी प्रति ग्रॅम दर वाचा. एक किलोपेक्षा कमी वजनाच्या पाकिटांवर तो छापणं बंधनकारक आहे. ‘सात बियांचं मिश्रण’ असेल तर घटकांची यादी बघा. जास्त वजनाचा घटक आधी लिहिलेला असतो. सुरुवातीला सूर्यफूल, बडीशेप आणि शेवटी जवस, असं असेल तर तुम्ही मुखवासाचे पैसे देताय. मीठ लावलेल्या बिया रक्तदाबवाल्यांनी घेऊच नयेत. मोबाइलवरून मागवलं तर डिलिव्हरी आणि हाताळणी शुल्क जोडून मगच दर ताडा. छापील किमतीत सगळे कर धरलेले असतात. वर जीएसटी मागितला तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा.

अख्खे जवस बरेचसे तसेच बाहेर पडतात, त्यामुळे दळणं सक्तीचं. पिठाच्या गिरणीत सहसा घेत नाहीत, तेलाने जातं चोंदतं. घरी मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजा, गार होऊ द्या, मग मिक्सर थांबत थांबत फिरवा. सलग फिरवला की पूड तेलकट होऊन पात्याखाली बसते. आठवड्यापुरतीच दळा, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. तयार पूड विकत घेणं म्हणजे दुप्पट पैसे मोजून शिळं खाणं, असं माझं स्पष्ट मत. भाकरीच्या पिठात, ताकात, वरणावर, कशातही चालते. वर पाणी भरपूर प्या. चिया कोरडा गिळू नका, आधी भिजवा.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदर असाल किंवा आतड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या बियांसोबत घेऊ नका, दोन तासांचं अंतर ठेवा. कोलेस्टेरॉलची गोळी तर परस्पर बंद करूच नका. जवस तिची जागा घेत नाहीत.

फरक पडला का, हे रक्ततपासणीच सांगेल. सुरू करण्याआधी एकदा आणि तीन महिन्यांनी एकदा लिपिड प्रोफाइल करा. खासगी लॅबमध्ये दर आधी फोनवर विचारा, घरी येऊन रक्त घेण्याचे वेगळे पैसे असतात का तेही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. आधार कार्ड आणि जुने रिपोर्ट सोबत न्या, रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी प्या आणि सकाळी लवकर रांगेत लागा.