खिळे कबाड्याला देण्याआधी

वर्धा

चि. बाबूस,

आमगावच्या लग्नात कानावर आलं, तू छापखान्यातल्या केसमधले अक्षरांचे खिळे कबाड्याला किलोवर देतोयस म्हणून. तेव्हापासून घास गोड लागेना. खरं आहे का रे? फोनवर तू विषय टाळशील, म्हणून लिहिते आहे.

छापखाना चालत नाही, हे मला कळतं. लग्नपत्रिका मोबाइलवर जातात, पाट्या फ्लेक्सवर. मोठं मशीन विकायचं तर वीक, पुढची खोली भाड्याने द्यायची तर दे. पण खिळे? शिशाचा भाव येईल आणि वितळून जातील. जोडाक्षरं, रफार, वेलांट्या मिळून ते शेकडो खाने आजोबांनी किती वर्षं पोटाला चिमटा घेऊन भरले!

आजोबा जावजी दादाजींचं सांगायचे, ते तुझ्यापर्यंत पोचलं की नाही कोण जाणे. लहानपणी मुंबईत मिशनच्या छापखान्यात टाइप घासणारा तो पोरगा. 1864 साली त्यानं टाइप ओतायचा कारखाना काढला आणि छापखाना त्यानंतर, 1869 साली. तोच निर्णयसागर. 1892 मध्ये जावजी गेले, मुलानं, तुकारामांनी, काम पुढे नेलं. संस्कृत ग्रंथ शुद्ध हवा तर निर्णयसागरचा, असा लौकिक. आधी अक्षर, मग यंत्र, हे आजोबांनी तिथूनच घेतलं. आणि तू अक्षरच आधी विकायला काढलंस?

आपल्याकडे ग्रंथ नव्हते. बिडीची लेबलं, राइस मिलच्या पावत्या, झाडीपट्टीच्या नाटकांची पत्रकं. तरी ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं पत्रक तुझ्या बाबांनी बाहेर जाऊ दिलं नाही. 'जि. भंडारा' ही ओळ सुतळीनं बांधून कायम तयार असायची. 1 मे 1999 ला आपला जिल्हा वेगळा झाला, तेव्हा ती सोडून त्यांनी 'जि. गोंदिया' जुळवली. नव्या लेटरहेडसाठी दुकानदार, शाळावाले दारात उभे, ट्रेडल मशीन रात्रीसुद्धा थांबेना. तू तेव्हा लहान होतास.

मला जुळणी शिकायची फार हौस होती. मुलीला कशाला, म्हणून छापून झालेले खिळे पुसून आपापल्या खान्यात टाकायचं काम तेवढं मिळे. हट्ट धरला नाही, लग्न होऊन इकडे आले. ती हळहळ अजून जात नाही. म्हणून इतकी चिडले असेन.

मनाला लावून घेऊ नकोस. बाबांच्या आजारपणात तू एकट्यानं किती ओढलंस, ते मी पाहिलंय. कर्ज झालंय का? माझ्याजवळ थोडे साठवलेले आहेत, संकोच करू नकोस. तुझ्या आईलाही कळू देणार नाही. पायका टाइपाच्या केस तेवढ्या ठेव. जागा नसेल तर गाडी पाठवते, इथे माझ्या खोलीत राहतील.

रात्री उशिरापर्यंत कॉम्प्युटरपुढे बसतोस म्हणे. डोळे तपासून घे, वेळेवर जेव. पोळ्याला सगळे या, छोटीलाही आणा. पुरणपोळ्या करते.

तुझी,
आत्या