कागदावर न उतरलेले फोटो

फोटो छापायचेच नाहीत तर काढायचे कशाला, असं मला आजही विचारलं जातं. हैदराबादेतली माणसं, इमारती आणि तळी टिपता टिपता माझं उत्तर पक्कं झालं आहे. न छापलेल्या फोटोचंही मोल मोठं आहे. फक्त, छपाईच्या निमित्ताने जी कामं पूर्वी आपोआप व्हायची, ती आता आठवणीने करावी लागतात.

१. फोटो मोठा करून बारकाईने पाहा.
मे २०१९ मध्ये चारमिनारच्या एका मिनारावरचं चुन्यातलं नक्षीकाम निखळून पडलं. बातमी कळताच मी आधी काढलेले फोटो उघडले. पोस्टकार्डाएवढ्या छापील फोटोत मिनार बोटभर दिसतो. पडद्यावर तोच वाढवत नेला, तर नक्षीतल्या पाकळ्या, मधल्या चिरा, चिरांमध्ये बसलेली काजळीसुद्धा दिसते. १५९१ सालची ही वास्तू आपल्या काळात नेमकी कशी होती, याची साक्ष अशा फोटोंत राहते.

२. घरातल्या वडीलधाऱ्यांना पडद्यावर फोटो दाखवा.
काचीगुड्याच्या आमच्या घरी अल्बम काढला की आई आधी भिंग शोधायची. आता टॅबलेटवर दोन बोटांनी चेहरा मोठा करते आणि एकदम म्हणते, “अगं, ही नथ माझ्या आजेसासूबाईंची!” मग नथ कुणी घडवली, कुणाच्या लग्नात कुणाला दिली, सगळं निघतं. संध्याकाळपर्यंत तोच फोटो पुण्याच्या मावशीकडे पोचतो आणि ती त्यात आपली भर घालते. एका फोटोने दोन घरं बोलती होतात, याचा मला फार आनंद वाटतो.

३. शिकताना हात आखडता घेऊ नका.
छत्तीस फोटोंच्या रोलवर उडता पक्षी टिपायला मन धजत नसे. अमीनपूरच्या तळ्याला २०१६ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. आता तिथे खंड्या पाण्यात सूर मारतो तेव्हा डिजिटल कॅमेऱ्याने एका दमात कितीतरी फोटो घेता येतात. प्रत्येक फाईलमध्ये शटरचा वेग आणि अ‍ॅपर्चर नोंदलेलं असतं. पंख धूसर का आले, ते घरी बसून ताडून पाहता येतं. यातला एकही फोटो छापला नाही तरी हात तयार होतो.

४. निवड त्याच दिवशी करा.
छपाईला पैसे पडत, म्हणून निवड आपसूक व्हायची. आता ती आपल्यावर आहे. एकाच प्रसंगाचे वीस फोटो असतील तर बोलके दोन-तीन ठेवा, बाकीचे काढून टाका. ढिगाऱ्यात चांगला फोटोही हरवतो.

५. नाव-गाव लिहा.
पूर्वी फोटोच्या पाठीवर पेन्सिलीने नावं लिहीत. कॅमेरा तारीख-वेळ नोंदवतो. डावीकडची बाई कुणाची कोण, हे त्याला ठाऊक नसतं. चार शब्द फाईललाही जोडता येतात. आई बोलत असतानाच मी ते लिहून घेते.

६. मूळ फाईल तीन ठिकाणी ठेवा.
सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ १९०५ मध्ये गेले. त्यांच्या काचेवरच्या निगेटिव्ह जपल्या गेल्या. त्यांतल्या २,८५७ निगेटिव्ह १९८९ मध्ये दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राकडे आल्या. मूळ शाबूत असलं की प्रती पुन्हा निघतात. आपली मूळ फाईल म्हणजे आपली निगेटिव्हच. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवलेली प्रत आकसलेली असते, ती मूळ समजू नका.

हैदराबादेत ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या पुरात आमच्या नात्यातल्या एका घरात कमरेएवढं पाणी शिरलं. अल्बममधले फोटो एकमेकांना चिकटून गेले. परगावी राहणाऱ्या लेकीकडे स्कॅन केलेल्या प्रती होत्या, तेवढेच वाचले. म्हणून एक प्रत संगणकात, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर आणि तिसरी क्लाउडवर किंवा परगावच्या नातलगाकडे असावी.

भिंतीवर लावावासा वाटला तर फोटो जरूर छापा. पण निवड, नोंद आणि प्रती ही तिन्ही कामं वेळच्या वेळी झाली, तर न छापलेला फोटोही पुढच्या पिढीच्या हाती धड पोचेल आणि त्यांना आपली माणसं ओळखता येतील.