श्लीपद : लसीकावहनाचा अवरोध आणि जीर्ण शोथ

श्लीपद हा व्याधी आपण सर्वांनी पदवी अभ्यासक्रमात निदानपंचकासह पाठ केलेला असतो. तथापि व्यवहारात तो पूर्ण वाढलेल्या हत्तीपायाच्या रूपाने समोर येईपर्यंत आपल्या ध्यानी येत नाही, आणि तोपर्यंत पुष्कळ हानी होऊन गेलेली असते. ही हानी कशी होते व ती कोठे थांबविता येते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

देश आणि हेतू

साचलेल्या जुन्या पाण्याचे आणि सर्व ऋतूंत शीत राहणारे प्रदेश ही श्लीपदाची भूमी होय, असे सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या १२व्या अध्यायात सांगितले आहे. आमचे चिकित्सालय कशेळी येथे, खाडीच्या काठी आहे. कशेळी, काल्हेर, पूर्णा हा गोदामांचा पट्टा आणि पलीकडे भिवंडीचे यंत्रमाग. उघडी गटारे व तुंबलेले सांडपाणी येथे नवे नाही. व्याधीचा प्रसार करणारा क्युलेक्स डास अशाच घाण पाण्यात वाढतो. भारतातील बहुतेक सर्व रुग्णांत वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी हा कृमी कारणीभूत असतो. शासनाने हत्तीरोगप्रवण ठरविलेल्या जिल्ह्यांत नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा यांच्याबरोबर ठाण्याचाही समावेश झालेला आहे. शिवाय कामानिमित्त उत्तर प्रदेश व बिहारमधील रोगप्रवण भागांतून आलेले अनेक श्रमिक या पट्ट्यात राहतात.

संप्राप्ती

केशवाहिन्यांतून ऊतींमध्ये झिरपलेल्या द्रवापैकी दररोज सुमारे ३ लिटर द्रव, प्रथिनांसह, लसीकावाहिन्यांमार्गे पुन्हा रक्तात येतो. या वाहिन्यांना हृदयासारखा स्वतंत्र पंप नाही. वाहिनीचे स्वतःचे आकुंचन, आतील झडपा, स्नायूंची हालचाल आणि श्वसन यांवर हा प्रवाह चालतो. प्रौढ कृमी या वाहिन्यांत अनेक वर्षे राहतात. त्यामुळे वाहिन्या विस्फारतात, झडपा निकामी होतात व द्रव साचतो. साचलेल्या प्रथिनयुक्त द्रवामुळे दाहक पेशी गोळा होतात, तंतुमय ऊती व मेद वाढतात, त्वचा जाड होते आणि उरलेला मार्गही आक्रसतो. त्या भागाची प्रतिकारक्षमता घटल्याने त्वचेच्या लहानशा भेगेतून शिरलेले जीवाणू तीव्र शोथ व ज्वर उत्पन्न करतात. असा प्रत्येक वेग आणखी काही वाहिन्या नष्ट करतो. म्हणजे अवरोधातून शोथ आणि शोथातून पुन्हा अवरोध, असे हे चक्र आहे.

चरकाचार्यांनी स्रोतोविमानात सांगितलेल्या स्रोतोदुष्टीच्या लक्षणांपैकी ‘संग’ येथे स्पष्ट दिसतो. मात्र ग्रंथोक्त लसीका म्हणजेच आधुनिक ‘लिंफ’, असे सरसकट समीकरण आम्ही मांडत नाही. चरकांनी लसीका हा शब्द त्वचेखालील, व्रणात दिसणाऱ्या उदकासाठी योजला आहे. साम्य आहे, एकरूपता गृहीत धरू नये.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी गोदामात हमाली करणारे एक रुग्ण आमच्याकडे येत असत. डावा पाय किंचित सुजलेला. दर दोन-तीन महिन्यांनी थंडी वाजून ताप, जांघेत वेदनायुक्त गाठ, पाय लाल व उष्ण. आम्ही प्रत्येक वेळी ज्वरचिकित्सा केली, शोथासाठी पुनर्नवायुक्त क्वाथ दिला आणि ताप उतरण्यापूर्वीच अभ्यंग-स्वेदन सुरू केले. ताप दर वेळी उतरला, पाय मात्र दर वेळी थोडा अधिक जाड राहिला. सुमारे दोन वर्षांनी एके दिवशी आम्ही त्यांच्या पायाची बोटे विलग करून पाहिली. चारही बेचक्यांत चिखल्या होत्या. त्वचा पांढुरकी, ओली व फाटलेली होती. सुश्रुतांनी क्षुद्ररोगांत वर्णिलेला ‘अलस’ तो हाच. ज्वराचे द्वार तेथे उघडे होते आणि आम्ही ते पाहिलेच नव्हते.

त्यानंतर पुढील क्रम ठेवला :

१. दिवसातून दोनदा साधा साबण व स्वच्छ पाण्याने पाय धुणे. नंतर बेचक्या मऊ कापडाने पूर्ण कोरड्या करणे. त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन करता येते, परंतु कोरडे करणे टाळता येत नाही.

२. चिखल्या, भेगा व लहान जखमांवर तत्काळ उपचार. बुरशीवरील मलम आवश्यक तेथे निःसंकोच वापरणे.

३. बसताना व झोपताना पाय उंच ठेवणे, घोट्याच्या हालचाली, दीर्घ श्वसन आणि पायाला न लागणारी पादत्राणे.

४. तीव्र वेगात विश्रांती व शीत जलाच्या पट्ट्या. अभ्यंग, स्वेदन, व्यायाम व घट्ट बंधन पूर्णतः वर्ज्य. प्रतिजैविकांसाठी रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठविणे.

वेग विरळ झाले व पुढे जवळजवळ थांबले. पाय पूर्ववत झाला नाही. वर्ष उलटलेले, अतिमहत् व वारुळासारखे वाढलेले श्लीपद सुश्रुतांनी वर्ज्य का मानले, हे आम्हांस तेव्हा उमगले. परंतु रुग्णाचे काम सुटले नाही.

निदानाविषयी

पायाच्या दुसऱ्या बोटाच्या मुळाशी त्वचा चिमटीत धरता येत नसेल, तर लसीकाजन्य शोथाची शंका घ्यावी. दोन्ही पायांवर समान शोथ असल्यास हृदय, वृक्क व यकृत यांची तपासणी प्रथम करावी. एका पायास अकस्मात वेदनायुक्त शोथ आल्यास शिरेतील रक्ताच्या गुठळीचा विचार व्हावा. रक्तनमुना रात्री, शक्यतो १० ते २ या वेळात घ्यावा लागतो. जीर्ण रुग्णांत तो बहुधा निर्दोष येतो. तेवढ्यावरून व्याधी नाही असे म्हणू नये. मूत्रवृद्धीच्या रुग्णास शल्यचिकित्सेसाठी पाठवावे.

औषधे आणि औषधविक्रेते

धत्तूर, एरंड, निर्गुंडी, पुनर्नवा, शिग्रू व सर्षप यांचा लेप प्रसिद्ध आहे. तो फाटलेल्या अथवा दाहयुक्त त्वचेवर लावू नये. नित्यानंद रसात पारद, ताम्र, हरताल आदी द्रव्ये आहेत. पारद व हरताल औषध नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत येतात. अशा कल्पांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना बंधनकारक आहे. औषधविक्रेत्या बंधूंनी असे कल्प चिठ्ठीविना देऊ नयेत, आणि ‘हत्तीपायावर हमखास गुण’ अशा शब्दांस दुकानात थारा देऊ नये.

शासकीय मोहीम

१९५५ मध्ये राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २००४ पासून सामुदायिक औषधोपचार मोहीम राबविली जाते. डीईसी व अल्बेंडाझोल यांच्या जोडीस आयव्हरमेक्टिन देण्याचा उपक्रम २०१९ मध्ये नागपूर जिल्ह्यात सुरू झाला. २०२७ पर्यंत निर्मूलनाचे लक्ष्य आहे. ही औषधे प्रसार रोखतात, झालेली विकृती मागे नेत नाहीत. म्हणून दोहोंची गरज आहे. मोहिमेच्या काळात लोक आपल्याला विचारतात, ‘वैद्यराज, गोळ्या घ्याव्यात का?’ गर्भिणी, दोन वर्षांखालील बालके व गंभीर आजारी वगळता इतरांनी पथकाच्या सूचनेनुसार घ्याव्यात, असे स्पष्ट सांगणे हे आपले कर्तव्य आहे.

केरळातील कासरगोड येथील इन्स्टिट्यूट ऑफ अप्लाइड डर्मेटॉलॉजीने त्वचेची निगा, आयुर्वेदीय प्रक्षालन व अभ्यंग, योग आणि बंधन यांचा समन्वित क्रम लसीकाशोथासाठी वापरला आहे. म्हणजे आपल्या शास्त्रास येथे निश्चित स्थान आहे. मात्र ते योग्य अवस्थेत, योग्य क्रमाने वापरले पाहिजे.

वैद्यबंधूंना एवढीच विनंती की, वारंवार ताप व एका पायास सूज सांगणारा रुग्ण आल्यास नाडी पाहावी, जिव्हा पाहावी, आणि त्याच्या पायाची बोटे विलग करूनही अवश्य पाहावे.