सुट्या बॅटरीबद्दल, मेळघाटात निघालेल्या भाचीला

सातारा,
१२ एप्रिल

चि. मनूस,


मेळघाटचं काम पक्कं झालं आणि पावसाळा लागेपर्यंत तू सेमाडोहच्या बाजूला राहणार, हे ताईकडून कळलं. काढता येणाऱ्या बॅटरीचा फोन घेतलास, ऑनलाइन दोन जादा बॅटऱ्या मागवल्यास आणि वर दीडशे रुपयांचा युनिव्हर्सल चार्जरही, हेही तिनेच सांगितलं. फोन उत्तम निवडलास. बॅटऱ्यांबद्दल मला थोडं विचारायचंय. तो चार्जर मात्र आजच पिशवीतून काढून ठेव.

मामा दुकानदार, तेव्हा महागाचं काहीतरी गळ्यात मारणार, असं म्हणशील. म्हण. पण वाचून घे.

काढता येणारी बॅटरी आता फार थोड्या स्मार्टफोनमध्ये उरलीय. सॅमसंगच्या एक्सकव्हर मालिकेसारखे रानावनात, कारखान्यात वापरायचे दणकट फोन सोडले, तर बाकी बहुतेकांनी बॅटरी डिंकाने चिकटवून टाकली. युरोपात १८ फेब्रुवारी २०२७ पासून लहान उपकरणांतली बॅटरी गिऱ्हाइकाला स्वतः काढता यायला हवी, असा कायदा लागू होतोय. फोनसाठी त्यातही पळवाटा आहेत म्हणा. दिवसभर जीपीएस चालू ठेवून ट्रान्सेक्ट, म्हणजे पाहणीची ठरलेली रेषा, चालणाऱ्या माणसाला खिशातली दुसरी बॅटरी पॉवर बँकेपेक्षा सोयीची, यात वाद नाही. अर्ध्या मिनिटात फोन पुन्हा भरलेला.

पण एक गोष्ट पक्की समजून घे. बॅटरी फोनच्या आत असते तेव्हा फोन तिच्यावर नजर ठेवून असतो. बाहेर काढलीस की ते काम तुझ्याकडे आलं. पुढचं सगळं पत्र एवढ्या एका गोष्टीवरच आहे.

बॅटरीच्या कडेला पितळी रंगाचे तीन-चार ठिपके दिसतील. दोन टोकांचे अधिक आणि उणे. मधला कशाला? त्यातून फोनला बॅटरीचं तापमान कळतं, आणि बऱ्याच फोनना ही बॅटरी कोणती तेही. बॅटरी शून्य अंशाखाली गेली किंवा साधारण ४५ अंशांच्या वर तापली, की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. किती व्होल्टपर्यंत भरायचं आणि शेवटी शेवटी करंट कसा कमी करत न्यायचा, हेही फोनच ठरवतो. बॅटरीच्या डोक्यावर नखाएवढ्या रुंदीची एक सर्किटची पट्टी असते. शॉर्ट झालं किंवा मर्यादेबाहेर चार्ज झालं तर ती पुरवठा तोडते. पण तो शेवटचा अडसर आहे. रोज त्याच्या भरवशावर राहायचं नसतं.

आता तुझा तो युनिव्हर्सल चार्जर बघ. चिमट्यासारखा बॅटरी पकडतो आणि त्याच्या दोन पिना दोन टोकांना टेकतात. मधल्या ठिपक्याशी त्याला काही देणंघेणं नाही, म्हणजे बॅटरी तापली तरी त्याला पत्ता नाही. जुन्या बॅटऱ्या ४.२ व्होल्टला पूर्ण भरत. आजच्या बऱ्याच बॅटऱ्यांवर ३.८५ व्होल्ट आणि चार्जिंगची मर्यादा ४.४ व्होल्ट असं छापलेलं असतं. चार्जर ४.२ ला थांबणारा असेल तर तुझी बॅटरी कायम अर्धपोटी राहील. तो थांबणाराच नसेल तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. दोन्ही जातीचे चार्जर एकाच रंगाच्या खोक्यात मिळतात आणि बाहेरून ओळखू येत नाहीत.

म्हणून जादा बॅटऱ्या फोनमध्येच घालून भर. संध्याकाळी मुक्कामी आलीस की एक लाव, जेवण आणि नोंदी होईपर्यंत ती भरेल, मग फोन बंद करून दुसरी घाल. चालू फोनमधून बॅटरी खेचू नकोस, नाहीतर दिवसभराच्या नोंदी जायच्या. कंपनीने त्याच मॉडेलसाठी काढलेला चार्जिंग डॉक असेल तर तो वापरायला माझी हरकत नाही. तो मधला ठिपका वाचतो.

बॅटऱ्यांचं बोलू. तू मागवलेल्यांवर काय छापलंय? बीआयएसची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असायला हवा. हा क्रमांक ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये टाकला की नोंदणी कोणाची ते दिसतं. दुकानात ‘ओजी’, ‘फर्स्ट कॉपी’ असले शब्द ऐकू आले की त्यांचा अर्थ डुप्लिकेट एवढाच घ्यायचा. छापलेल्या एमएएचवर तर मुळीच जाऊ नकोस. कॅम्पवरच्या टॉर्चमध्ये १८६५० जातीचे सेल असतील, त्यांवर ९९०० एमएएच लिहिलेलं सर्रास मिळतं. त्या आकाराच्या चांगल्यातल्या चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतं. ९९०० लिहिणाऱ्याने आत काय भरलं असेल, ते तूच ठरव.

मी एवढा खवचटपणे बोलतो त्याला कारण आहे. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने जाहीर केलं की बीएल-५सी या बॅटरीच्या सुमारे ४ कोटी ६० लाख नगांमध्ये चार्जिंग करताना तापण्याचा धोका आहे. त्या बॅटऱ्या नोकियाने नव्हे, मात्सुशिता कंपनीने डिसेंबर २००५ ते नोव्हेंबर २००६ या काळात बनवल्या होत्या. बीएल-५सी तेव्हा घराघरात होती. लोक बॅटरी काढून तिच्या पाठीवरचा लांबलचक क्रमांक वाचत बसले होते, कारण नाव तेच, रंग तोच, पण बनवणारे वेगवेगळे. पुढे २०१६ मध्ये सॅमसंगचा नोट ७ आला. त्याच्या बॅटऱ्या दोन पुरवठादारांच्या होत्या. एकाच्या बॅटरीत कोपऱ्यात जागा अपुरी पडून आतली पट्टी वाकत होती, दुसऱ्याच्या बॅटरीत वेल्डिंगचे टोकदार कण राहिले होते. हे जानेवारी २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितलं. फोन बाजारातून कायमचा गेला. जगातल्या बड्या कारखान्यांच्या तपासणीतून असे दोष निसटतात, तर जिच्यावर बनवणाऱ्याचं नावही नाही ती बॅटरी कोणी तपासली असेल?

उन्हाचं आता नीट वाच, कारण तुझ्याकडचा मे महिना मला धडकी भरवतो. चिखलदऱ्याला थंड वाटेल, पण खाली परतवाडा-धारणीकडे पारा चाळिशीच्या बराच वर असतो. लिथियम-आयन बॅटरीला दोन गोष्टी एकत्र सोसत नाहीत, पूर्ण भरलेली अवस्था आणि उष्णता. नुसत्या उन्हाने लगेच आग लागते असं नाही, पण बॅटरी झपाट्याने म्हातारी होते. पूर्ण भरून ४० अंशांत वर्षभर पडून राहिलेली बॅटरी तिच्या ताकदीचा साधारण तिसरा हिस्सा गमावते. जीपच्या डॅशबोर्डवर दुपारी तापमान साठच्या वर सहज जातं, तिथे फोनही ठेवू नकोस आणि बॅटरीही. सॅकमध्ये पाठीकडच्या बाजूला, कपड्यांच्या घडीत ठेव. सोलर पॅनलला फोन किंवा बॅटरी थेट जोडून उन्हात ठेवायची पद्धत कॅम्पवर दिसेल. तू पॅनलने पॉवर बँक भर, बँक सावलीत आणि वायर लांब. मग ऊन उतरल्यावर बँकेवरून फोन. चालून आल्या आल्या तापलेल्या बॅटरीला लगेच चार्जर लावायचा नाही, आधी ती हाताला गार लागू दे. फ्रिज दिसला म्हणून त्यात घालायची नाही, बाहेर काढल्यावर तिच्यावर पाणी धरतं.

रात्री चार्जिंग चालू असताना फोन गादीवर, उशीखाली नको. फरशीवर किंवा दगडावर ठेव, आजूबाजूला कागद-कपडे नकोत, आणि झोपायच्या आधी पिन काढ.

चाव्या, सुटी नाणी आणि बॅटरी एका कप्प्यात हे तर अजिबात नको. अधिक आणि उणे ठिपक्यांना एक किल्ली आडवी लागली की झालं. झाकणाची प्लास्टिकची डबी घे, नसेल तर ठिपक्यांवर चिकटपट्टी लाव. बॅटऱ्यांवर मार्करने १, २, ३ असे आकडे आणि विकत घेतल्याची तारीख लिहून ठेव, म्हणजे आलटून पालटून वापरल्या जातील आणि कोणती लवकर उतरते ते कळेल. पाऊस लागून काम थांबलं की निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवून गार, कोरड्या जागी ठेव आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघ.

ते बघायचं कशासाठी, तर पार रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी आतून बिघडते. तिच्यातलं तांबं विरघळतं आणि पुन्हा चार्ज करताना नको तिथे साचतं. अशी मेलेली बॅटरी घेऊन कोणी दुकानात गेलं की कारागीर तिला ‘बूस्टर’ला लावून शॉक देतो आणि ती जिवंत झाल्यासारखी दिसते. आमच्याच धंद्यातली ही चाल आहे आणि ती मला पसंत नाही. आतून शॉर्ट होऊ घातलेल्या बॅटरीला ढकलून उठवण्यात काय शहाणपण? परतवाड्यात कोणी पन्नास रुपयांत करून देतो म्हणाला तरी नको म्हण. आणि ‘नवी बॅटरी आधी आठ तास चार्ज करा’ असं कोणी सांगितलं तर हसून सोडून दे. तो सल्ला निकेलच्या बॅटऱ्यांचा, त्या गेल्या तरी सल्ला राहिला.

फुगलेली बॅटरी ओळखायची जुनी युक्ती सांगतो. काचेवर किंवा गुळगुळीत फरशीवर आडवी ठेवून बोटाने फिरव. सपाट असेल तर लगेच अडते. भोवऱ्यासारखी फिरली तर पोटात गॅस धरलाय. तिला पुन्हा चार्जर दाखवायचा नाही. टोचून हवा काढायची नाही, दाबून फोनमध्ये बसवायची तर मुळीच नाही. ठिपक्यांवर चिकटपट्टी लावून वाळू घातलेल्या पत्र्याच्या डब्यात, झोपायच्या जागेपासून लांब ठेव. अमरावतीला जाणं होईल तेव्हा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला किंवा ई-कचरा घेणाऱ्याला आधी फोन करून विचार आणि तिथे दे. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलीय. नेहमीच्या कचऱ्यात टाकलीस तर ती कुठेतरी गाडीत चेंगरते आणि पेटते.

आता ज्यासाठी मी खरं तर लिहायला बसलो ते. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनपर्यंत तुझ्याकडे वणव्याचे दिवस. सागाची पानं गुडघाभर वाळून पडलेली, वनमजूर उन्हातान्हात जाळरेषा साफ करत असतात. बॅटरीतला द्रव ज्वालाग्राही असतो. बॅटरी अचानक चटका बसण्याइतकी तापली, फुसफुसली किंवा नेलपॉलिशसारखा गोडसर वास आला, तर पेट घ्यायला अवधी थोडा असतो. माणूस अशा वेळी घाबरून ती हातातली वस्तू लांब भिरकावतो. मेळघाटात लांब म्हणजे पाचोळ्यात. तसं करू नकोस. पायवाटेच्या उघड्या मातीवर, खडकावर, नाल्याच्या कोरड्या वाळूत टाक आणि मागे हो. चार्जिंगला लावलेली असेल तर आधी बोर्डावरचं बटण बंद, मगच पाणी. भरपूर पाणी घाल, कारण आतली उष्णता उतरली नाही तर विझलेली बॅटरी पुन्हा पेटते. या बॅटरीवर पाणी घालू नये असं ऐकलं असशील, ते शुद्ध लिथियम धातूचं. आपल्या फोनच्या बॅटरीला पाणी चालतं. नुसत्या वाळूने ज्वाळा दबते पण बॅटरी गार होत नाही. धूर विषारी असतो, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभी राहा. फोन वाचवायला हात घालू नकोस, नोंदी रोज रात्री दुसरीकडे उतरवून ठेवत जा म्हणजे तो मोहच होणार नाही. सोबतच्या वनरक्षकाला पहिल्याच दिवशी सांगून ठेव की तुझ्याकडे किती बॅटऱ्या आहेत आणि सॅकच्या कुठल्या कप्प्यात आहेत.

डेहराडूनच्या वन्यजीव संस्थेत प्रशिक्षणाला विमानाने जावं लागलं, तर सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनच्या बॅगेत, चेक-इनमध्ये चालत नाहीत. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे. तुझी ४०५० एमएएचची बॅटरी जेमतेम १६ ची आणि वीस हजारांची पॉवर बँक ७४ ची, तेव्हा अडणार नाही. ठिपके मात्र झाकलेले हवेत.

एवढं वाचून बॅटरीची धास्ती घेऊ नकोस. चांगली बॅटरी बरोबर वापरली तर दोन-तीन वर्षं मुकाट्याने काम करते. आलेल्या दोन बॅटऱ्यांचा फोटो आणि ‘आर’ क्रमांक मला आजच पाठव. क्रमांक नसेल किंवा अॅपमध्ये सापडला नाही, तर त्या परत कर, पैसे मिळोत न मिळोत. कंपनीच्या दोन बॅटऱ्या आणि डॉक मी इथून मागवतो. तू निघायच्या आत ताईकडे पोचतील.

तुझा,
मामा