सडपातळ देह आणि मधुमेह

मधुमेह हा खात्यापित्या, स्थूल माणसाचा आजार, अशी आपल्याकडील जुनी समजूत. अंगाने काटक असलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना तो जडला, तेव्हा आम्ही दोष नशिबाला दिला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी मात्र तो गर्भात शोधला. १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत त्यांनी गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. तेथील बाळांचे सरासरी जन्मवजन २.७ किलो, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. नवल पुढेच होते: आपल्या बाळांचे स्नायू तोकडे, पण त्वचेखालील चरबी त्या मानाने टिकून राहिलेली. वरून कृश, आतून मेदयुक्त!

ज्या मातांच्या आहारात पालेभाज्या, फळे व दूध अधिक, त्यांची बाळे वजनाने सरस होती. बहुतेक मातांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. ते कमी आणि फोलेट अधिक असलेल्या मातांच्या मुलांत सहाव्या वर्षीच इन्सुलिनला दाद न देण्याची प्रवृत्ती ठळक दिसली. ज्वारीची भाकरी ही आम्हां सोलापूरकरांची ओळख. परंतु तिच्यात ब-१२ नाही. ते दूध, अंडी, मासे, मांस यांतूनच मिळते. वसतिगृहाच्या भोजनगृहात मुलींच्या ताटाकडे पाहताना हे ध्यानी असावे.

त्या खेड्यांतील बाळे वयात आल्यावर, २०१२ पासून, त्यांना ब-१२ देण्याचा प्रयोग सुरू झाला, तोही अपत्यप्राप्तीच्या आधी. कारण गर्भ राहिल्याचे कळेपर्यंत त्याच्या घडणीचे पहिले आठवडे सरलेले असतात.