गुऱ्हाळाचा धडा

दिवाळी सरते, ऊस तोडणीस येतो आणि कोल्हापूरच्या परिसरातील गुऱ्हाळे जागी होतात. पहाटेच्या थंडीत चुलाण पेटते व उकळत्या रसाचा गोड वास शिवारभर दरवळू लागतो. छत्रपती शाहू महाराजांनी 1895 मध्ये वसविलेल्या शाहूपुरी पेठेमुळे येथील गुळास मोठी बाजारपेठ लाभली. 2014 मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही मिळाले. यांतील अनेक गुऱ्हाळे शेतकरी कुटुंबांची असून ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहेत.

100 किलो उसापासून साधारणपणे 10 ते 12 किलो गूळ होतो. मग उरलेल्या उसाचे काय होते? रसातील पुष्कळसे पाणी वाफ होऊन जाते. चरकातून निघालेले ओले चिपाड अंगणात वाळते आणि तेच चुलाणात जळते. ऊस जणू स्वतःच्याच आचेवर आपला रस आटवितो! चुलाणातील राख शेतात जाते. तापत्या रसात रानभेंडीचा चिकट अर्क घालतात. त्यात रसातील गाळ अडकतो व मळी होऊन वर येतो. ती मळी खताच्या खड्ड्यात पडते. उसाचे हिरवे वाढे जनावरे खातात आणि त्यांचे शेण पुन्हा उसाच्या मुळाशी जाते. पाचट न जाळता सरीत पसरले, तर जमिनीचा ओलावा टिकतो.

मात्र ही काटकसर आपोआप साधत नाही. चुलाण नीट बांधलेले नसले, तर आच धुराड्यावाटे वाया जाते. मग चिपाड अपुरे पडते आणि सरपणासाठी झाडावर कुऱ्हाड चालते. म्हणून काही ठिकाणी एका काहिलीखालची आच पुढे दुसऱ्या काहिलीखाली नेतात व तीवर ताजा रस तापवून घेतात. पाकाचा थेंब गार पाण्यात टाकून त्याची गोळी पारखणारा गुळव्या ही कला बहुधा वडीलधाऱ्यांच्या शेजारी उभा राहूनच शिकलेला असतो.

इतके करूनही एक पेच उरतोच. गुळाचा रंग उसाच्या जातीप्रमाणे व जमिनीप्रमाणे बदलतो. परंतु गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत भरतो तो पिवळाधमक गूळ. तो रंग आणण्यासाठी काही जण रसात हायड्रोससारखे रसायन घालतात. त्याचा अंश गुळात प्रमाणाबाहेर राहिला, तर आरोग्यास अपाय होतो. जे कुटुंब हे रसायन टाळते, त्याची तांबूस ढेप गुणाने उणी नसते. तरीही तिला कधी कधी कमी भाव पत्करावा लागतो. सचोटी राखावी की भाव मिळवावा, असा प्रश्न त्या घरापुढे उभा राहतो.

त्याचे उत्तर एकट्या गुऱ्हाळवाल्याच्या हाती नाही. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये स्वीकारलेल्या 17 ध्येयांपैकी बाराव्या ध्येयात उत्पादन व उपभोग यांचा एकत्र उल्लेख आहे, तो उगीच नव्हे. करणारा जपून करील. पण घेणाऱ्यानेही पारखून घेतले पाहिजे. तांबूस ढेप पाहून नाक मुरडणारे गिऱ्हाईक चांगल्या गुऱ्हाळाचे चुलाण नकळत विझवीत असते.

स्वाध्याय
1. उसाचा कोणताही भाग वाया जात नाही, हे उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
2. चुलाण नीट नसल्यास झाडांची हानी कशी होते?
3. तुमच्या गावातील एखाद्या घरगुती धंद्यात उरलेल्या वस्तूंचा उपयोग कसा करतात, ते पाहून लिहा.